दहावी ब मधली जांभळी पट्टी

तक्तेसरांनी बुधवारच्या चौथ्या तासातली हिरवी पट्टी उपसली, दातांत धरली आणि रिकाम्या खाचेवरची नजर न हलवता तीन पावलं मागे सरकले. चौथ्या पावलाला टेबल होतं आणि टेबलाच्या कडेला पृथ्वीचा गोल. धक्का लागून तो घरंगळला, तो त्यांनी न बघताच मागच्या मागे हातानं थोपवला. दर वर्षी सुट्टीतले शेवटचे अकरा दिवस ते भूगोलाच्या या खोलीत शाळेचं वेळापत्रक लावत, आणि तेवीस वर्षांत पृथ्वी त्यांच्या हातून एकदाही पडली नव्हती.

"गणित जेवणाच्या सुट्टीआधी नको," पट्टी दातांतून काढत ते म्हणाले.

"का?" दारात उभ्या असलेल्या समुपदेशक मॅडमनी विचारलं.

"गणिताच्या सरांची साखर जेवणाआधी उतरते. त्यांची साखर उतरली की मुलांचे गुण उतरतात."

"हे कुठे लिहून ठेवलंय?"

"लिहायचं कशाला? इतक्या वर्षांचा शेजार आहे."

तक्ता म्हणजे दाराएवढं प्लायवूड होतं. त्यावर अठरा तुकड्यांच्या अठरा ओळी, आठवड्याच्या तासांच्या खाचा आणि खाचांत पुठ्ठ्याच्या पट्ट्या. प्रत्येक शिक्षकाला एक रंग. शिक्षक एकतीस होते आणि देवानं रंग त्या हिशेबानं बनवलेले नसल्यामुळे मागाहून आलेल्यांना दुरंगी पट्ट्यांवर भागवावं लागे. पीटीचे सर काळ्यापांढऱ्यावर आले होते आणि तुरुंगातल्यासारखं वाटतं अशी त्यांची जुनी तक्रार होती. मुलं भूगोलाच्या या शिक्षकांना तक्तेसर म्हणत. भूगोल ते उत्तम शिकवत, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मुख्याध्यापक बाईंनी यंदा वेळापत्रकाचा संगणकी प्रोग्राम घेतला होता. तो हे काम अकरा सेकंदांत करत असे. बाईंनी तसं तक्तेसरांना स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं.

"लग्नही तेवढ्यात लागतं, बाई," तक्तेसर म्हणाले होते. "पुढचं बघायला कुणीतरी लागतं."

बाई हसल्या आणि त्यांना आणखी एक वर्ष मिळालं.

पुढचं बघणं म्हणजे काय, हे शाळेत कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. नववी क मधल्या एका मुलाचे वडील गेले, त्या वर्षी त्या वर्गाचा शेवटचा तास रोज खेळाचा नाही तर चित्रकलेचा होता. मुलगा घरी जायचा तो एक तर दमलेला किंवा रंगानं बरबटलेला, आणि दोन्हींत घरच्यांना काहीतरी करायला मिळे. दोन मैत्रिणींचं फाटलं, तेव्हा एकीला संस्कृत आणि एकीला हिंदी असे तास एकाच वेळी आले आणि रडारड आठवड्यातून तीनदाच होऊ लागली. सोमवारी पहिल्या तासाला कुणाचीही तोंडी परीक्षा घ्यायची नाही, हा नियम तक्तेसरांनी स्वतःच केला होता आणि स्वतःपुरताच जाहीर केला होता. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मुख्य म्हणजे कुणाला विचारलंही नव्हतं.

"मुलांना विचारायचं नसतं, बघायचं असतं," असं ते समुपदेशक मॅडमना त्या रुजू झाल्या त्याच आठवड्यात म्हणाले होते. "विचारलं की मूल उत्तर देतं. बघितलं की खरं कळतं."

"मला नेमलंय ते विचारायलाच, सर," मॅडम म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून दोघांचं चांगलं जमत होतं.

शाळेत विद्यार्थी स्वास्थ्य समितीही होती. तिनं पहिल्याच वर्षी प्रत्येक जिन्यावर 'हसत राहा' असं लिहिलेले पिवळे चेहरे लावले. ते लावण्याचं काम पीटीच्या सरांकडे होतं आणि पीटीचे सर सहा फूट दोन इंच होते, त्यामुळे विद्यार्थ्यांचं स्वास्थ्य विद्यार्थ्यांच्या डोक्यावरून हसत असे. तक्तेसर समितीत नव्हते. त्यांनी रागही मानला नव्हता. चेहरे मात्र ते येता-जाता बघत.

"मी दहावी ब साठी आलेय," मॅडम आता आत येऊन बाकावर बसल्या. "रसायनच्या बाईंची मुलगी. बाईंनी दाखल्यासाठी अर्ज दिलाय."

तक्तेसरांनी हिरवी पट्टी खाली ठेवली.

"शाळा सोडते?"

"शनिवारी एकला कार्यालय बंद व्हायच्या आत मुख्याध्यापक बाई सही करतील. सोमवारपासून ती दुसरीकडे. ऐन दहावीला."

"कारण?"

"'इथे मन लागत नाही.' अर्जात एवढंच आहे." मॅडमनी वही उघडली. "गेल्या वर्षी गुण खाली आलेत, ते तुम्हाला माहीत आहे. आठवड्यातून तीन-चारदा पाणी प्यायला म्हणून वर्गातून जायची आणि पंधरा पंधरा मिनिटं यायची नाही. मी दोनदा बघितलं, प्रयोगशाळेबाहेर भिंतीला टेकून उभी होती. पाण्याची टाकी दुसऱ्या टोकाला आहे. माझ्याकडे आली की सगळ्याचं उत्तर 'ठीक आहे'. सलग नऊ वेळा 'ठीक आहे' लिहिलंय मी."

"प्रयोगशाळेत कोण असतं तेव्हा?"

"तिची आई. अ तुकडीचा तास."

तक्तेसरांनी मान डोलावली. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. ही केस त्यांची होती, समितीच्याही आधीपासूनची.

"मॅडम, ही मुलगी आठवीत आली तो पहिला आठवडा. गुरुवार होता. समोरून आई आली. मुलगी दचकली, गर्रकन वळली आणि वरच्या जिन्यानं पसार झाली. मी याच दारात उभा होतो. पोरीला आईची धास्ती आहे. मी त्याच रविवारी सगळं बदललं. ब ला रसायन भौतिकच्या सरांकडे दिलं. बाईंना त्या मजल्यावर मधल्या सुट्टीची देखरेख नाही. दोन वर्षं दोघींना एकमेकींच्या वाऱ्याला उभं केलेलं नाही." त्यांनी तक्त्यावरच्या दहावी ब च्या ओळीवर हात फिरवला, शिंप्यानं तयार कोटावर फिरवावा तसा. "एक जांभळी पट्टी दाखवा मला इथे."

जांभळा रंग रसायनच्या बाईंचा होता.

"तरी ती जाऊन आईच्या दाराबाहेर उभी राहते," मॅडम म्हणाल्या.

"पाळत. आई नेमकी कुठे आहे ते कळलं की तिथे जायला नको." त्यांनी थोडा विचार केला. "ब चे प्रयोगाचे तास मागच्या इमारतीत टाकतो. मग प्रश्नच मिटला. बाईंना तसं सांगितलं तर अर्ज मागे घेतील."

मॅडम तक्त्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"सर, उद्या बाईंना प्रवेशाची ड्यूटी आहे. मुलगी बरोबर येईल, वाचनालयात बसवतात तिला. मी तुमच्याकडे पट्ट्या कापायला पाठवते. तुम्ही तिला काही विचारू नका."

"मी कधीच विचारत नाही."

"माहीत आहे. म्हणून तर पाठवतेय."

मुलगी दुसऱ्या दिवशी दहाला आली. उंच होती आणि उंची लपवायला खांदे पुढे काढून चालत होती. तक्तेसरांनी तिच्यापुढे कात्री, मोजपट्टी आणि रंगीत पुठ्ठे ठेवले.

"चार सेंटिमीटर बाय दीड. कडा सरळ हवी. वाकडी पट्टी खाचेत अडकते आणि मग अख्खा मंगळवार बाहेर येतो."

"हो, सर."

ती सुरेख कापत होती. आधी पेन्सिलीची रेघ, मग एकाच दमात कात्री. हात कुठे थरथरला नाही. रसायनच्या बाई परीक्षानळीत थेंब सोडतात त्या हाताची आठवण व्हावी असा हात. तक्तेसरांनी हे बघितलं आणि मनाशी नोंदवलं. वीसेक मिनिटं खोलीत कात्रीचाच आवाज होता.

"जांभळा कुणाचा, सर?"

"रसायनच्या बाईंचा," तक्तेसर म्हणाले, आणि मग उगाच पुढे म्हणाले, "म्हणजे तुझ्या आईचा."

"किती कापू?"

"चोवीस. नववीला बारा, दहावी अ ला सहा, क ला सहा."

मुलगी उठून तक्त्यापाशी गेली. दहावी ब च्या ओळीवरून सोमवार ते शनिवार बोट नेलं.

"ब ला नाहीच."

"नाही," तक्तेसर समाधानानं म्हणाले. "गेली दोन वर्षंही नव्हती. आणि यंदा तुमचे प्रयोगसुद्धा मागच्या इमारतीत टाकतोय. जाता-येताही गाठ पडायची नाही." ते थांबले. आभार मानून घेण्याची त्यांना सवय नव्हती, पण मानलेच तर काय म्हणायचं ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

मुलीनं आभार मानले नाहीत.

"आईनं सांगितलं का हे?"

"काय?"

"मला तिच्या वर्गात टाकू नका म्हणून."

"नाही. ती कशाला सांगेल?"

"दर वर्षी तीच येऊन सांगते, असं मला वाटायचं." ती अजून तक्त्याकडेच तोंड करून उभी होती. "मला रसायन नीट येत नाही. भौतिकच्या सरांकडे माझ्या वहीत लाल शेरे असतात. वर्गात सगळ्यांसमोर तिची मुलगी म्हणून मी नको, असं असेल."

तक्तेसरांनी हातातल्या पट्ट्यांची चवड टेबलावर ठेवली, ठोकून सरळ केली आणि परत उचलली.

"पण तू तिला बघून पळालीस," ते म्हणाले. "आठवीत. पहिल्या आठवड्यात. हातात निळी बाटली होती."

मुलगी वळली.

"तुम्हाला बाटलीचा रंग आठवतो?"

"मी बघतो ना."

"सर, आदल्या दिवशी तिनं सांगितलं होतं, शाळेत आई म्हणायचं नाही. सगळ्यांसारखं बाई म्हणायचं, नाहीतर लोक म्हणतात घरचं माणूस म्हणून गुण दिले. मी हो म्हटलं. मग ती समोरून आली. आई म्हणायचं नव्हतं आणि बाई काही तोंडातून येईना. ती माझ्याकडे बघत होती. मग मी वर गेले." ती थोडी हसली. "वर काही नव्हतंच. गच्चीला कुलूप होतं. घंटा होईपर्यंत कुलपापाशी उभी होते."

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेली. तिचा आवाज पार व्हरांड्याच्या टोकाला जाईपर्यंत तक्तेसर हातातली चवड मोजत राहिले. नंतर त्यांनी जे केलं ते तेवीस वर्षांत या खोलीत केलं नव्हतं.

"मग तिच्या तासाला बाहेर का उभी राहतेस?" त्यांनी विचारलं.

मुलीनं कात्री उघडली, मिटली.

"अ मधल्या मुली सांगतात, ती शिकवताना फार हसवते. अणूंच्या नकला करते म्हणे. हायड्रोजन कसा दिसेल त्याच्या गळ्यात पडतो, आणि ते दुसरे वायू, ज्यांना कुणाशीच बोलायचं नसतं, ते कसे नाक वर करून बसतात. घरी ती जेवते, वह्या तपासते आणि झोपते. दमलेली असते. मला ते खरंच वाटेना. म्हणून ऐकायला जायचे."

"मग? हसवते?"

"बाहेर नुसतं हसणं ऐकू येतं, सर. ती काय म्हणाली ते नाही कळत."

तक्तेसर बाकावर बसले. समोर जगाचा नकाशा होता आणि त्यावर त्यांना निदान पंचवीस नद्या न बघता दाखवता आल्या असत्या.

"दाखल्याचं काय?" त्यांनी विचारलं. एकदा सुरू केल्यावर ते अवघड नव्हतं.

"तिला वाटतं माझं इथे मन लागत नाही."

"लागतं, हे तू सांगितलंस?"

"तिनं विचारलं नाही. अर्जच लिहिला. मला वाटलं, तिला सोय होत असेल."

"हे बघ," तक्तेसर म्हणाले. "तुला वर्गात टाकू नका असं मला तुझ्या आईनं कधीच सांगितलं नाही. कुणीच सांगितलं नाही. मी आपलं माझं मीच ठरवलं."

"का?"

"तुला बरं वाटेल म्हणून."

मुलीनं यावर खरोखरच विचार केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं गणित पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी जुळत नसलं की मुलं पुस्तकाकडे बघतात, तसं ती त्यांच्याकडे बघत होती.

"मला वाटायचं, तुम्ही फक्त वेळापत्रक लावता," ती म्हणाली.

मग ती जागेवर येऊन बसली आणि जांभळा पुठ्ठा पुढे ओढला.

"आता किती कापू, सर?"

"तीस," तक्तेसर म्हणाले.

सहा पट्ट्या एका ओळीत घालायच्या म्हणजे सहा पट्ट्या काढायच्या, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी वेळापत्रक लावलेलं नसतं. दहावी ब मधून भौतिकच्या सरांचा नारिंगी काढला तर तो नववीत घालावा लागत होता. त्यामुळे नववीत दुसऱ्या तासाला सरकलेल्या जांभळ्यानं चित्रकला हलत होती. चित्रकला हलली की पीटीचे सर एकाच वेळी दोन मैदानांवर उभे राहत होते, आणि मैदान एकच होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तक्तेसरांनी अठ्ठेचाळीस पट्ट्या हलवल्या. शेवटी अडलं ते एकाच खाचेपाशी. दहावी ब, बुधवार, चौथा तास. तिथे गणितावाचून दुसरं काही बसत नव्हतं.

गणिताचे सर शेजारच्या गल्लीत राहत. तक्तेसर गेले तेव्हा ते अंगणात सायकलची चेन घालत होते.

"बुधवारी जेवणाआधी एक तास घ्याल का?"

"घेईन की. त्यात काय?"

"नाही, तुमची साखर उतरते म्हणून…"

"साखर?" गणिताचे सर काळे हात वर धरून उभे राहिले. "अहो, ती चार वर्षांपूर्वीच आटोक्यात आली. गोळी बदलली ना डॉक्टरांनी. तुम्हाला कोण म्हणालं?"

"कुणी नाही. दोनदा जेवणाआधी तुम्हाला घाम आलेला बघितला."

"तेव्हा वरचा पंखा बंद होता, राव. मी तीनदा अर्ज दिला त्याचा. म्हणजे चार वर्षं मला तुम्ही जेवल्यावरचा तास देताय ते यासाठी? मला वाटायचं, काहीतरी राग आहे तुमचा. जेवल्यावर पोरंही पेंगतात आणि मीही पेंगतो."

तक्तेसर म्हणाले, पुढच्या वेळी विचारेन. गणिताचे सर म्हणाले, पुढच्या वेळी कशाला, आत्ताच विचारा, चहा घेणार का ते मी तुम्हाला विचारतोच आहे ना.

घरी जाताना तक्तेसरांनी मनातल्या मनात तक्त्यावरच्या बाकीच्या सतरा ओळी वाचून बघितल्या. प्रत्येक ओळीत त्यांची चार-पाच तरी कारणं होती. शनिवारी सकाळी त्यांनी समुपदेशक मॅडमना फोन केला आणि सुट्टी संपल्यावर रोज एक ऑफ तास तुमच्या खोलीत बसू द्याल का असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, खुर्ची एकच आहे, पण आणेन कुठूनतरी. दाखल्याचं काय झालं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तक्तेसर म्हणाले की ते आज कळेल, बाई तास बघायला येतील.

वेळापत्रक लागलं की शनिवारी शिक्षकांनी येऊन आपापले तास बघायचे आणि तक्रार करायची, अशी शाळेची रीत होती. तक्रारीसाठी तक्त्याजवळ एक स्टूल ठेवलेलं असे. सकाळपासून त्यावर अकरा जण बसून गेले. पीटीच्या सरांनी रंगाबद्दल पुन्हा विचारलं.

रसायनच्या बाई आल्या तेव्हा एकला वीस मिनिटं कमी होती. स्टुलावर त्या बसल्या नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी तक्रार अशी कधी केलीच नव्हती. किरकोळ बांध्याची, ताठ चालणारी बाई. मुलं त्यांना पाठीमागे ॲसिड म्हणत, आणि म्हणताना आवाजात थोडा अभिमान असे. त्यांनी नववीचे तास वहीत उतरवले, दहावी अ चे उतरवले, आणि पेन थांबलं.

"सर, इथे चूक झालीय."

"कुठे?"

"ब मध्ये. इथे नारिंगी असतो."

"असायचा."

"या वर्गात ती आहे." बाईंनी दुरुस्ती केली. "होती. मी दाखला मागितलाय."

"माहीत आहे."

"मग हे कशासाठी?" बाई प्रयोगाची कृती सांगावी तशा सावकाश, एकेक पायरी मोकळी सोडत बोलू लागल्या. "दोन वर्षं तिनं तुमच्याकडे येऊन मला तिच्या वर्गातून बाहेर ठेवलं. मी एका शब्दानं विचारलं नाही. या वयात मुलांना आई शाळेत नको असते. माझी तक्रार नाही. पण निदान दहावीला तरी तिला मोकळं वाटावं. जिथे मी नसेन अशा ठिकाणी. आता तुम्ही शेवटच्या दिवशी हे घातलंत, तर तिला वाटेल मीच मागून घेतलं."

तक्तेसरांनी आदल्या संध्याकाळी एका कागदावर चार मुद्दे काढले होते. कागद खिशात होता. तो त्यांनी खिशातच राहू दिला.

"ती माझ्याकडे कधीच आली नव्हती, बाई."

"मग कोण आलं?"

"कुणीच नाही. ते मी केलं. तिनं तुम्हाला बघून तोंड फिरवलं असं मला वाटलं. ती तुम्हाला हाक काय मारायची, या विचारात होती."

बाईंनी वही मिटली आणि सोमवारच्या पहिल्या तासातली जांभळी पट्टी बोटानं सरळ केली. ती सरळच होती.

"तिला वाटत होतं, तुम्हीच मला सांगता," तक्तेसर म्हणाले. "तिला रसायन येत नाही, याची तुम्हाला लाज वाटते म्हणून."

"लाज?" बाईंनी तो शब्द नुसता उच्चारून बघितला. "ती असं म्हणाली?"

"गुरुवारी. मी विचारलं तेव्हा."

"तुम्ही विचारलंत?"

"हो."

हे बाईंना बाकी सगळ्यापेक्षा जास्त अनपेक्षित असावं. त्यांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं.

"आणि ते पाणी प्यायला जाणं," तक्तेसर म्हणाले, "ते तुमच्या दाराबाहेर उभं राहायला. हायड्रोजन कसा गळ्यात पडतो ते ऐकायला. बाहेर नुसतं हसणं ऐकू येतं, म्हणाली. तुम्ही काय म्हणता ते कळत नाही."

बाईंच्या कानांच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. मुलांनी हे बघितलं असतं तर वर्षभर पुरलं असतं.

"ते… ते वर्गासाठी असतं," त्या म्हणाल्या. "घरी कुठे. घरी येईपर्यंत…" वाक्य त्यांनी सोडून दिलं. पट्टीवरचं बोट मात्र तसंच होतं. "या कुणी कापल्या?"

"तिनंच."

"रेघ मारून कापल्यात."

"सगळ्या. तीसच्या तीस."

बाईंनी बोट काढून घेतलं. मग दारावरच्या घड्याळाकडे बघितलं, जणू तास संपायला किती वेळ आहे ते बघत होत्या.

"कार्यालय एकला बंद होतं ना?"

"बरोबर एकला. सहीच्या फाइली त्याआधी आत जातात."

"येते," बाई म्हणाल्या आणि वही विसरून निघाल्या.

तक्तेसर ऐकत राहिले. व्हरांड्यातून त्यांची पावलं नेहमीसारखी गेली, ताठ आणि मोजकी, खिडक्यांच्या ओळीपर्यंत, नळापर्यंत. कोपऱ्यावर ती क्षणभर थांबली. मग पळायला लागली. शाळेत पळायला सक्त मनाई आहे आणि त्याबद्दल सर्वांत जास्त मुलांना उभं याच बाईंनी केलेलं होतं. जिन्यापर्यंत ती पावलं बाईंचीच होती. जिन्यावर ती कुणाचीही असू शकली असती.

तक्तेसर दारापर्यंत गेले, पण बाहेर डोकावले नाहीत. भूगोलाच्या खोलीपासून कार्यालयापर्यंत चालत चार मिनिटं लागतात, पळत दीड. एकला अजून तीन मिनिटं होती.